लोखंडाची वेसण

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत भट्टीजवळ उभं राहिलं की एक क्षण हमखास वाट्याला येतो. लॅडलमध्ये रस पडतो आणि असा पांढरा लखलखाट होतो की नवख्याचा हात आपोआप डोळ्यांवर जातो. मागोमाग धुराचा लोट. लॅडलच्या तळाशी केलेल्या खळग्यात आधीच करड्या खड्यांसारखा मिश्रधातू भरलेला असतो, त्यावर पोलादी पंचिंगचं पांघरूण. साडेचौदाशे अंशांच्या आसपासचा रस ते पांघरूण वितळवून खाली पोचला की खड्यांमधलं मॅग्नेशियम पेटतं. तेवढ्या वेळात साध्या बिडाचं एसजी, म्हणजे गोळ्यांच्या ग्राफाइटचं बीड, होतं. बिडातला कार्बन एरवी पाकळ्यांच्या रूपात गोठतो, आता तो गोळ्यांच्या रूपात गोठणार. पाकळ्यांचं बीड घणाच्या घावानं तडकतं, गोळ्यांचं वाकतं पण लगेच तुटत नाही. मग दहा-बारा मिनिटांत सगळे साचे भरून व्हायला हवेत, कारण मॅग्नेशियमचा गुण उडत जातो. फौंड्रीत याला फेडिंग म्हणतात आणि त्यावरून मोल्डिंगवाल्यांची आणि भट्टीवाल्यांची जी जुंपते, तो वेगळा विषय आहे.

त्या खड्यांच्या पोत्यावर मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम यांच्या टक्केवारीबरोबर आणखी दोन अक्षरं असतात: आरई. खरेदी करणारा माणूस पुरवठादाराला “आरई किती?” एवढंच विचारतो आणि पुढे जातो. ही अक्षरं रेअर अर्थची, म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची. त्या खड्यांत सिरियम आणि लॅन्थेनम असतं. टनभर लोखंडाला हा मिश्रधातू साधारण पंधरा किलो लागतो आणि त्यात आरई एक टक्का धरलं तरी दीडशे ग्रॅम झालं. म्हणजे ‘रेअर अर्थ ही मोबाइलवाल्यांची भानगड’ असं समजणारी आमची सातारा-सांगलीची मंडळी गेली कित्येक वर्षं ती रोज पोत्यातून काढून लॅडलमध्ये टाकत आली आहेत.

पुढची पानं लिहिण्याचं निमित्त मात्र फौंड्रीतून आलं नाही, ते मोटारीतून आलं. 4 एप्रिल 2025 रोजी चीननं समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जगातली दुर्मीळ मृदांची बहुतेक चुंबकं चीनमध्येच होतात, सुमारे नव्वद टक्के. दोन-तीन महिन्यांत त्याची झळ पुण्यापर्यंत आली. बजाज ऑटोच्या चेतक या विजेवरच्या स्कूटरचं उत्पादन ऑगस्टमध्ये अडखळलं. पुण्याला शिंक आली की सातारा, कऱ्हाड, पलूस, कुपवाड इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यांना पडसं होतं, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत जिथे जावं तिथे एकच प्रश्न ऐकू येई: मोटारींच्या चुंबकांतल्या निओडिमियमला पर्याय काय?

माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जात होता, अजूनही जातो. अमुक यंत्रात निओडिमियम मुळात कशासाठी बसवलं आहे, हे आधी विचारायला हवं. तसं विचारलं की अर्ध्या जागा आपोआप रिकाम्या होतात, आणि उरलेल्या अर्ध्या किती अवघड आहेत तेही कळतं.

नावापासून घोळ आहे. ही मूलद्रव्यं दुर्मीळ नाहीत आणि मातीही नाहीत. सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. अडचण अशी की ही सतरा भावंडं एकत्र कुटुंबात राहतात आणि वाटणी होता होत नाही. रासायनिक स्वभाव इतका सारखा की एकमेकांपासून वेगळं करायला आम्लाच्या आणि द्रावकांच्या टाक्यांमागून टाक्या लावाव्या लागतात, शेकड्यांनी. भारतात ती मुख्यतः किनाऱ्यावरच्या मोनॅझाइट वाळूत सापडतात. मोनॅझाइटमध्ये थोरियमही असतं, त्यामुळे ती वाळू अणुऊर्जा खात्याच्या नजरेखाली राहते. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 सालची, मुख्यालय मुंबईत. आपल्या मोनॅझाइटमधल्या दुर्मीळ मृदांत निम्म्याच्या आसपास सिरियम असतं, मग लॅन्थेनम, मग निओडिमियम. डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड मंडळी जवळपास नाहीतच. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

आणि आपल्या भागाशी या वाळूचं नातं आजचं नाही. ज्यांनी तमाशाचा फड, लग्नाची वरात किंवा जत्रेतलं दुकान गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलं आहे, त्यांनी सिरियमचा उजेड पाहिला आहे. बत्तीचं ते मेंटल, म्हणजे रेशमी जाळीची पिशवी, पहिल्यांदा पेटवली की तिची राख उरायची आणि तीच राख लखलखायची. ती राख नव्व्याण्णव टक्के थोरियमची आणि एक टक्का सिरियमची. हा एक टक्का काढला तर उजेड मरतो. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांची ही करामत. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनॅझाइट 1909 मध्ये सापडलं आणि उपसलं गेलं ते या मेंटलांसाठीच. सिगारेटच्या लायटरचा ‘दगड’ हाही त्याच माणसाचा, सिरियम आणि लोखंडाचा. थोडक्यात, चिमूटभर घालून मोठ्या धातूला कामाला लावणं हा या घराण्याचा जुना धंदा आहे. मेंटलमध्ये तेच, बिडात तेच, चुंबकातही तेच.

चुंबकात नेमकं काय होतं? पाठ्यपुस्तकं इथे समीकरणांकडे वळतात. मी आटपाडीच्या बाजाराकडे वळतो. माणदेशातला खिलार बैल ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की ताकद सगळी बैलाची असते, पण वेसण नसेल तर ती ताकद कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. लोखंड हा खिलार. चुंबकत्वाची ताकद त्याचीच. पण शुद्ध लोखंडातले चुंबकी क्षेत्रांचे कळप जरा विरुद्ध बाजूनं ओढ बसली की तोंड फिरवतात. त्यांना एका दिशेला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. निओडिमियमच्या अणूतल्या आतल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, तो चपटा असतो. स्फटिकाच्या चौकटीत हा चपटा ढग एकाच पद्धतीनं बसतो आणि सहजी वळत नाही, आणि त्याच्याशी जोडलेलं लोखंडही वळत नाही. ही वेसण. मोटारीत वापरतात त्या चुंबकात वजनानं दोन-तृतीयांश लोखंड, तीस टक्क्यांच्या आसपास निओडिमियम आणि त्याचे भाऊबंद, एक टक्का बोरॉन. बैल स्वस्त, वेसण महाग आणि वेसण वळणारा एकच शेजारी, असा हा सगळा पेच आहे.

त्यात उष्णतेचं आणखी एक लचांड. स्कूटर दोघांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढत असेल, तर मोटारीच्या आत दीडशे अंशांपर्यंत तापमान जाऊ शकतं. निओडिमियमची वेसण तापली की सैल होते. ती सैल होऊ नये म्हणून थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चीननं 2025 मध्ये नेमकं याच दोघांवर बोट ठेवलं होतं. निओडिमियम त्या यादीत नव्हतं. पण डिस्प्रोसियम मिसळलेलं चुंबक म्हणजे आख्खं चुंबकच अडलं.

टंचाई नवी नाही. चुंबकाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला तर तो टंचाईचाच इतिहास वाटतो. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1917 मध्ये, जपानच्या कोतारो होंडा यांनी कोबाल्ट मिसळलेलं चुंबकी पोलाद काढलं. 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी कोबाल्ट न घालता लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचं चुंबक केलं. अल्निको घराण्याची ती सुरुवात. दुसऱ्या महायुद्धानंतर, निकेल-कोबाल्टची चणचण असताना, हॉलंडच्या फिलिप्स कंपनीत बेरियम आणि लोखंडाच्या गंजापासून फेराइट चुंबक झालं. लाउडस्पीकरच्या पाठीमागची काळी कडी ती हीच. 1960 च्या दशकात कार्ल श्ट्रनाट यांनी समेरियम-कोबाल्ट काढलं. मग 1978 मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले, तिथल्या खाणी अडल्या आणि कोबाल्टचे भाव आकाशाला भिडले. त्या धक्क्यातून जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट, दोघं स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले: लोखंड, निओडिमियम, बोरॉन. साल 1983. म्हणजे आज ज्याच्या टंचाईनं आपण हैराण आहोत ते चुंबक स्वतः एका टंचाईवरचा उपाय म्हणून जन्माला आलं. तेव्हा निओडिमियमकडे सुटकेचा मार्ग म्हणून बघत होते!

किर्लोस्करवाडीला हे सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर नांगराचा कारखाना मांडला आणि चार वर्षांत पहिलं महायुद्ध लागलं. परदेशी कच्चं लोखंड आटलं, कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही गोष्ट या भागात अजून सांगतात. गोष्टीतला थाट बाजूला ठेवून ओतकाम करणाऱ्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघावं. तोफेचं लोखंड आणि नांगराच्या फाळाचं लोखंड एक नव्हे. भंगार बदललं की रस बदलतो, रस बदलला की कास्टिंग बदलतं. तो बदल पोटात घालून माल चालता ठेवणं, यातच त्या कामाची कसोटी होती. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी साताऱ्याजवळ कारखाना काढला, तोही नांगरापासून. हेच कूपर पुढे 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. या दोन कारखान्यांच्या अवतीभवती ओतारी, फिटर, पॅटर्नमेकर यांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. 1947 मध्ये सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तेच पुढे वालचंद महाविद्यालय. ज्या विषयाला आज ‘क्रिटिकल मटेरियल्स’ असं भारदस्त नाव आहे, त्याची जमीन इथे आधीच नांगरलेली आहे.

आता त्या रिकाम्या होणाऱ्या जागांकडे येऊ.

कोयनेचं पाणी साताऱ्याचं, जनित्रं डोंगरापलीकडे पोफळीच्या पोटात. प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट. त्या अवाढव्य जनित्रांच्या फिरत्या ध्रुवांवर तांब्याची वेटोळी आहेत. त्यांत वीज सोडली की ती चुंबक होतात, बंद केली की लोखंड. कायमचं चुंबक तिथे नाही आणि कधी लागलंही नाही. कृष्णेचं पाणी टेंभूहून आटपाडीकडे, म्हैसाळहून जतकडे उचलणाऱ्या योजनांच्या पंपांना जोडलेल्या मोटारींतही ते नाही. (टेंभू हे आगरकरांचं गाव. त्यांचं नाव घेतलं की आमच्याकडे समाजसुधारणा आठवते, त्यांच्या गावाचं नाव घेतलं की पंपहाउस. दोन्ही चढावरचीच कामं.) चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या गिअरबॉक्स आणि इंडक्शन जनरेटरवर चालतात. समुद्रात उभारतात त्या नव्या, गिअर नसलेल्या पवनचक्क्यांना मेगावॅटमागे सहाशे किलोंच्या घरात चुंबक लागतं. पठारावर क्रेन चढवून गिअरबॉक्स दुरुस्त करता येतो, भर समुद्रात तो खर्च परवडत नाही, म्हणून तिथे चुंबक. आणि आपल्या विहिरीवरची साडेसात अश्वशक्तीची मोटार? बिडाचं अंग, सिलिकॉन-पोलादाच्या पत्र्यांचे स्टॅम्पिंग, तांब्याची वायंडिंग, ॲल्युमिनियमच्या सळ्यांचा पिंजरा. निकोला टेस्लांचं आणि दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांचं 1880 च्या दशकातलं हे डोकं अजून तसंच फिरतंय. स्टेटरमधल्या फिरत्या क्षेत्रानं पिंजऱ्यात वीज उपजते, ती वीजच रोटरला तेवढ्यापुरतं चुंबक करते. जळाली तर तालुक्याच्या गावात रिवाइंडिंगवाला ती दोन दिवसांत भरून देतो.

विहिरीच्या थारोळ्यात मोटारीचं वजन दहा किलो जास्त झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. स्कूटरच्या चाकात बिघडतं. बॅटरी मर्यादित, जागा वीतभर, आणि गाडी सिग्नलला सारखी थांबणार-सुटणार. तिथे कायमचं चुंबक वीज न खाता क्षेत्र पुरवतं, रोटर तापत नाही, मोटार हलकी राहते. तरीही गाड्यांत बिनचुंबकाच्या मोटारी आल्याच नाहीत असं नाही. टेस्लाची 2012 ची मॉडेल एस इंडक्शन मोटारीवर धावली. रेनोची झोई आणि बीएमडब्ल्यूची आयएक्स-3 तांब्याच्या वायंडिंगच्या रोटरवर धावल्या, कोयनेच्या जनित्राचीच धाकटी आवृत्ती. पुणे-मिरज मार्गावर आता विजेची इंजिनं आली आहेत. या जातीच्या आधुनिक तीन-फेज इंजिनांच्या चाकांमागेही इंडक्शन मोटारीच असतात. रुळांवर वजनाचं ओझं वाटत नाही, उलट चाकाची पकड वाढते.

सर्वात अवघड उदाहरण मला जतच्या रानात दिसतं. सौर पंपाचं. पॅनेल महाग, म्हणून त्यातून आलेला प्रत्येक वॅट पाण्यात उतरला पाहिजे. बोअरचा व्यास ठरलेला, मोटार जाड करता येत नाही. म्हणून डीसी सौर पंपात कायमच्या चुंबकाची मोटार बसते आणि तेवढ्याच पॅनेलवर ती इंडक्शनवाल्या एसी पंपापेक्षा थोडं जास्त पाणी काढते. हे ‘थोडं जास्त’ शेतकऱ्याला उन्हाळ्यात कळतं. पण मोटार बिघडली की रिवाइंडिंगवाला हात टेकतो. कंट्रोलर आणि रोटर दोन्ही कंपनीकडे पाठवावे लागतात, आणि उभ्या पिकाला त्या फेरीएवढा धीर नसतो. या दोन गोष्टींचा हिशोब एकाच वहीत मांडायला हवा आणि तो मांडताना दुर्मीळ मृदांच्या भावापेक्षा तालुक्यातल्या कारागिराचं अंतर मोठं ठरू शकतं. मी स्वतः विहीर उथळ असेल तिथे एसी पंपाच्या बाजूचा आहे. पाचशे फुटांच्या बोअरबद्दल मी असं छातीठोक बोलणार नाही.

आता ज्या जागा रिकाम्या होत नाहीत तिथले प्रयत्न. यांतले काही मला आशेचे वाटतात, काही नुसते आवाजाचे.

फेराइट सर्वात जवळचं. कच्चा माल म्हणजे लोखंडाचा गंज आणि स्ट्रॉन्शियम. ताकद निओडिमियमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे तेच काम करायला मोटार मोठी होते किंवा रचना बदलावी लागते. पण त्याचा एक गुण फार कमी लोक सांगतात. फेराइटची वेसण तापल्यावर सैल होत नाही, उलट थोडी घट्ट होते. त्याची ओढ कमी होते हे खरं, पण सांगलीच्या मे महिन्यात ते चुंबकत्व टाकून पळत नाही. रोटरच्या पत्र्यांत कमानीसारख्या फटी कापून चुंबकी प्रवाहाला हवी तशी वाट द्यायची आणि त्या फटींत फेराइटच्या कांड्या बसवायच्या, ही रिलक्टन्स मोटारीची जोडरचना. निव्वळ रिलक्टन्स मोटारीची कल्पना 1923 सालची, पण तिला नीट हाकायला जो इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लागतो तो खूप नंतर स्वस्त झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये ओला इलेक्ट्रिकनं आपल्या फेराइट मोटारीला सरकारी प्रमाणपत्र मिळाल्याचं जाहीर केलं. आपल्या प्रेसशॉपवाल्यांनी या रोटरकडे नीट बघावं. त्यातली किमया पत्र्याच्या कापणीत आहे आणि रोटर-स्टेटरमधल्या केसभर फटीत आहे. डाय आणि मशिनिंग हे इथलं रोजचं काम.

दुसरी वाट वेसण काटकसरीनं वापरण्याची. चुंबक असंख्य सूक्ष्म कणांचं बनलेलं असतं आणि उलट फिरण्याची सुरुवात कणांच्या कडांपासून होते. मग डिस्प्रोसियम सगळ्या कणात मिसळण्याऐवजी फक्त कडांवर मुरवलं तर थोडक्यात भागतं. कण आणखी बारीक केले तर त्याचीही गरज घटते. होंडा आणि दाइदो स्टील यांनी 2016 मध्ये जड दुर्मीळ मृदा नसलेलं चुंबक हायब्रिड गाडीत बसवलं. टोयोटानं 2018 मध्ये निओडिमियमचा मोठा हिस्सा कमी करून त्या जागी लॅन्थेनम आणि सिरियम घातल्याचं सांगितलं. ही नावं ओळखीची वाटली ना? फौंड्रीच्या पोत्यातली तीच दोघं. आपल्या मोनॅझाइटमध्ये जे उदंड आहे आणि ज्याला पुरेसं गिऱ्हाईक नाही ते सिरियम चुंबकात खपलं, तर आपल्या किनाऱ्यांचा हिशोबच पालटेल. माझी सगळ्यात जास्त आशा इथे आहे.

मग स्वप्नं. लोखंड आणि नायट्रोजनचं एक संयुग, सोळा लोखंडामागे दोन नायट्रोजन, फार ओढीचं म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेतल्या मिनेसोटात त्यावर कंपनीही उभी आहे. पण दोन-अडीचशे अंशांच्या पुढे ते विघटतं, म्हणजे भट्टीत भाजून त्याची वडी करता येत नाही, आणि त्याची वेसणही मुळात सैल. मँगेनीज-बिस्मथ, मँगेनीज-ॲल्युमिनियम यांच्यावर दशकांमागून दशकं काम झालं आहे. भंडाऱ्याच्या मँगेनीजची आठवण होऊन मन हळवं होतं, पण बाजारात त्यांनी अजून जागा केलेली नाही. आणि टेट्राटेनाइट. नुसतं लोखंड आणि निकेल, एकाआड एक थर लावून. ते सापडतं उल्कांमध्ये, कारण अणूंना असे थर लावून बसायला लाखो वर्षांत काही अंश इतक्या संथ गतीनं थंड व्हावं लागतं. 2022 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फरस मिसळून ही रचना ओतकामातच मिळवल्याचं जाहीर केलं आणि ‘उल्केचं चुंबक’ असे मथळे झळकले. त्या कणांचं मोटारीत बसेल असं चुंबक अजून झालेलं नाही. लोणारला जाऊन काही हाती लागणार नाही, ती उल्का कधीच विरून गेली.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगतो. इंडियन रेअर अर्थ्सचा विशाखापट्टणमचा समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना मे 2023 मध्ये देशाला अर्पण झाला. क्षमता वर्षाला 3,000 किलो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचं लक्ष्य वर्षाला 6,000 टन. किलोवरून टनावर जाणारी ही उडी पैशानं होईल असं समजणाऱ्यांनी एसजी कास्टिंगची पहिली शंभर रिजेक्शन आठवावीत.

कारण चुंबक आणि एसजी यांचं खरं नातं तिथे आहे. दोन्हींत मूलद्रव्यांची यादी सगळ्यांना ठाऊक असते. 1948 मध्ये अमेरिकेतल्या ओतकामवाल्यांच्या परिषदेत ब्रिटनच्या हेन्टन मॉरो यांनी सिरियम घालून गोळ्यांचं ग्राफाइट मिळवल्याचं सांगितलं, आणि तिथेच इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या माणसानं उठून सांगितलं की आम्ही तेच मॅग्नेशियमनं केलं आहे. तेव्हापासून कृती जगजाहीर आहे. तरी कुपवाडच्या एका फौंड्रीत ती जमते आणि शेजारच्या गाळ्यात जमत नाही. रसाचं तापमान, ओलावा, भंगारातलं शिसं, रस किती वेळ थांबला, हे सगळं त्यात उतरतं. निओडिमियम चुंबकाची भुकटी काही मायक्रॉनांची, हवेत पेट घेणारी. तिचे कण चुंबकी क्षेत्रात एका दिशेला लावून, दाबून, भाजून घ्यायचे. ऑक्सिजन जरा शिरला की माल गेला. लोखंड तेच, पाकळी की गोळी हे हात ठरवतो, हे ज्याला कळलं त्याला चुंबक समजायला वेळ लागत नाही.

फौंड्रीवाल्यांनी तर कमी वापराचा धडा एकदा गिरवलेलाही आहे. 2010 मध्ये चीननं निर्यातीचा कोटा आवळला, 2011 मध्ये भाव अनेक पटींनी चढले आणि बाजारात कमी आरईचे, बिनआरईचे मिश्रधातू आले. ज्यांनी पोतं बदललं आणि बाकी काही बदललं नाही त्यांच्या कास्टिंगात ग्राफाइट बिघडलं. ज्यांनी आधी भंगार निवडून घेतलं त्यांचं निभावलं. बिडातलं सिरियम मुख्यतः शिसं, अँटिमनी, टिटॅनियम असल्या भंगारातून आलेल्या उपद्व्यापी पाहुण्यांना गप्प बसवतं आणि ग्राफाइटला जमायला बी पुरवतं. पाहुणे कमी झाले की बंदोबस्तही कमी पुरतो. जाड कास्टिंगात तर जास्तीचं आरई उलटतं, मधोमध ग्राफाइटच्या गुठळ्या होतात. गरज मोजून मग घालणं, ही शिस्त त्या दोन वर्षांनी लावली. भाव उतरल्यावर कितीजणांनी ती टिकवली हे ज्याचं त्यानं आपापल्या खरेदीच्या रजिस्टरमध्ये बघावं.

एक सावधगिरीची सूचना. बिनदुर्मीळ म्हणजे बिनपरावलंबी नव्हे. फेराइटला लागणारं स्ट्रॉन्शियम बाहेरून येतं. वायंडिंगच्या रोटरला तांबं जास्त लागतं आणि तांब्याच्या बाबतीतही आपण हात पसरतोच. अल्निकोकडे परतायचं तर कोबाल्ट आलं, कोबाल्ट आलं की काँगो आला. पुढच्या पानांत प्रत्येक पर्यायाशेजारी त्याचा कच्चा माल कुठून येतो हे म्हणूनच दिलं आहे.

पारिभाषिक शब्दांचं धोरण सोपं ठेवलं आहे. कारखान्यात जो शब्द चालतो तो तसाच: रोटर, स्टॅम्पिंग, लॅडल, बीड. शब्दकोशातले ‘निग्राहिता’सारखे शब्द एकदा ओळख करून देऊन बाजूला ठेवले आहेत. वेसण पुरते.

आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करावं. रिवाइंडिंगच्या दुकानात कोपऱ्यात पडलेली एखादी जळालेली मोटार असतेच. मालकाच्या परवानगीनं ती उघडावी, रोटर बाहेर काढावा आणि त्याला खिळा लावून बघावा. चिकटणार नाही. मग जुन्या लाउडस्पीकरची काळी कडी घ्यावी. खिळा चिकटतो, पण नखानं निघतो. शेवटी विजेवरच्या स्कूटरच्या चाकातली भंगारात आलेली मोटार मिळाली तर तिच्या आतल्या कडेजवळ खिळा न्यावा, जपून, बोटं मधे न घालता. हातभर लांब असताना काही जाणवणार नाही, चार बोटांवर आला की हाताला ओढ लागेल, आणि मग तो हातातून सुटेल.